नाचरी तार, भाड्याची कात्री

आमचं घराणं झाशीत आलं ते कारभार बघायला. तेव्हापासून घरातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसला. कुणी कचेरीत, कुणी कोर्टात, कुणी रेल्वेच्या बुकिंगमध्ये. मी एकटाच खुर्च्या भाड्याने देतो. सदर बाजारात 'मधुसूदन टेंट हाउस' अशी माझी पाटी आहे. नातेवाईक तिच्यासमोरून जायला लागले की ऑटोवाल्याला म्हणतात, "भैया, ज़रा तेज़ चलाओ."

म्हणजे पुलाच्या भानगडीत माझं काही काम नव्हतं. पण पूल बांधणाऱ्या खात्यात माझी चुलत बहीण निवेदिता इंजिनियर आहे. आणि माझ्या दुकानासमोर ऑटो थांबवून आत येऊन चहा मागणारी घराण्यातली ती एकटीच. तेव्हा तिचं भांडण ते माझं भांडण. मी मात्र भांडत नाही. माझ्या धंद्यात "जी साहेब" हे दोनच शब्द लागतात, आणि तेवढ्यावर माझं निम्मं आयुष्य निघालं.

पूल रेल्वेच्या रुळांवरून जातो. मधोमध एक उंच खांब आणि त्याच्या डोक्यापासून दोन्हीकडे तिरप्या उतरलेल्या तारा. लांबून बघितलं तर एखादी बाई न्हाऊन केस मोकळे सोडून उभी आहे असं वाटतं. तारा म्हणजे कपडे वाळत घालायच्या नव्हेत. एकेक तार माझ्या मांडीएवढी जाड, आणि माझी मांडी टेंटवाल्याची आहे. वरून काळा गुळगुळीत पाइप. त्या गुळगुळीतपणाचा बडे साहेब सुभाषचंद्र जी यांना भारी अभिमान. येईल त्या पाहुण्याला तारेवरून हात फिरवायला लावायचे आणि म्हणायचे, "देखिए, मक्खन!"

पूल जवळजवळ तयार होता, आणि जानेवारीत महावट आली. महावट म्हणजे आमच्याकडचा थंडीतला बारीक पाऊस. संध्याकाळची वेळ, झिमझिम चालू, रेल्वेच्या यार्डाकडून बऱ्यापैकी वारा. आणि डावीकडून तिसरी तार हलायला लागली. आधी लग्नात आत्याबाई लाजत लाजत हलतात तशी. मग वरातीत मामा हलतात तशी. खाली-वर, खाली-वर, हातभर! चौकीदाराने आधी हात जोडले, मग चपला तिथेच सोडून पळाला.

झाशीत बातमीला वाहन लागत नाही. तासाभरात पुलाखाली ही गर्दी. शेंगदाणेवाला आला, चाटवाला आला, एक फुगेवालासुद्धा आला. पाऊस थांबला तशी तार थांबली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी खरं वादळ आलं, पत्रे उडाले, माझा एक शामियाना थेट कॅन्टोन्मेंटमध्ये सापडला. लोक रेनकोट घालून नाच बघायला पुलाशी गेले, तर तार साहेबासमोर चपराशी उभा राहावा तशी गपगार. लोकांनी तिला शिट्ट्या मारल्या. शेंगदाणेवाला म्हणाला, "आज मैडम का मूड नहीं है."

वरून पाहणीला माणसं आली ती लख्ख उन्हात. त्यांनी तारेवर हात फिरवला, मक्खन म्हणाले, मटर-कचोरी खाल्ली आणि गेले.

सिव्हिल लाइंसमध्ये निवेदिताच्या घरी मी गेलो, तेव्हा ती ताटात लाटणं तिरपं धरून त्याच्यावर चमच्याने पाणी सोडत होती. तिची आई, म्हणजे माझी सिंधूकाकू, बाजूला पोळ्यांची कणीक मळून लाटण्याची वाट बघत बसली होती.

"मधुदादा, बघ. गोल गुळगुळीत तार आहे ना, तिला वारा धरूच शकत नाही. निसटतो. पण बारीक पाऊस आला की तिरप्या तारेवरून पाण्याची एक बारीक धार वाहायला लागते. म्हणजे तारेला नाक फुटतं. आणि नाक फुटलं की वारा नाकाला धरून हलवतो."

"आणि वादळात?"

"वादळात नाकच उडून जातं. म्हणून थांबते."

"मग हलू दे की. बिचारी एवढं ओझं धरून उभी आहे."

"पत्र्याचा चमचा मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहिलास तर काय होतं?"

"तुटतो."

"तसंच. बुंध्याशी तारेच्या आतली एकेक काडी तुटत जाईल. बाहेरून मक्खनच दिसेल. आणि एक दिवस वर शाळेची बस आणि खाली गाडी असेल."

काकूने मान वर करून लेकीकडे बघितलं. मी विचारलं, "मग उपाय?"

"दोन आहेत. एक, तारेवर बाहेरून पीळ घालायचा, जिन्यासारखा गोल फिरत जाणारा उंचवटा. म्हणजे पाण्याला सरळ वाहताच येत नाही, नाक फुटतच नाही. आणि दुसरा, बुंध्याशी मोटारसायकलला असतात तसे शॉकर बसवायचे, हललीच तर दम काढणारे. जगात सगळीकडे करतात, दादा. काही नवीन नाही."

"मग साहेब का नाही म्हणतात?"

"कारण ड्रॉइंगमध्ये पीळ नाही, आणि ड्रॉइंगवर त्यांची सही आहे."

"झालं असेल तर माझं लाटणं द्या," काकू म्हणाली.

सुभाषचंद्र जींनी आपले उपाय केले. पहिला, लिंबू-मिरची. दुसरा, पुलाखाली पाटी: 'तार की ओर देखना मना है.' तिसरा उपाय त्यांना स्वतःला सुचला, म्हणून सगळ्यात महागात पडला. तारेला वाळूची पोती बांधायची, वजनाने बसेल. फेब्रुवारीत पुन्हा झिमझिम आली. तारेने थोडा वेळ पोती झुलवली, अंदाज घेतला आणि एक पोतं असं भिरकावलं की ते साहेबांच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर जाऊन बसलं. ड्रायव्हर आत झोपला होता. तो उठून बाहेर आला आणि म्हणाला, "साहब, पुल ने पहल की है."

त्यानंतर साहेबांनी निवेदिताला केबिनमध्ये बोलावलं. साहेब हिंदीत बोलतात, मी आपलं जमेल तसं मराठीत सांगतो, मधले काही शब्द गाळून.

"मॅडम, जूनमध्ये उद्घाटन आहे. मोठे पाहुणे येणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं की पूल ठीक आहे."

"ठीक नाहीये, सर."

"पावसाने तार हलते असं जगात कुणाला सांगितलं तर हसतील."

"जगाला माहीत आहे, सर. आपल्यालाच नवीन आहे."

"मोठला एक जागा रिकामी आहे," साहेब म्हणाले. मोठ म्हणजे कानपूर रोडवरचं तहसिलीचं गाव. मंडी आहे, धूळ आहे, आणि खात्यात ज्याच्यावर राग असेल त्याची जागा कायम रिकामी आहे.

"मोठच्या मंडीत मटार फार छान मिळतो, सर," निवेदिता म्हणाली. "तुमच्या घरी पाठवत जाईन. पण तारा अशा उघड्या ठेवून त्या पुलावर मी लोकांना चढू देणार नाही."

हे तिने मला संध्याकाळी दुकानात सांगितलं, आणि मी घाबरून तिच्या चहात दोनदा साखर घातली.

"त्यांना डोळ्यांनी दाखवलं पाहिजे," ती म्हणाली. "पाऊस पाहिजे आणि वारा पाहिजे. दोन्ही एकदम, आणि मापात. दादा, असं यंत्र मोठमोठ्या कॉलेजात असतं. इथे कुठून आणू?"

मी गोदामाकडे बघितलं. गोदामात माझे फवारा-पंखे उभे होते. उन्हाळ्यातल्या लग्नांत पाहुण्यांच्या तोंडावर वाऱ्याबरोबर पाण्याचं धुकं सोडतात ते. पुरुषभर उंच, तीन स्पीड.

निवेदिताने मला मिठीच मारायची बाकी ठेवली. म्हणाली, "दादा, तू टेंट हाउस नाही, प्रयोगशाळा चालवतोस." हे वाक्य मी त्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं, सकाळी शेजाऱ्यांना सांगितलं आणि दुपारी रेल्वेतल्या आमच्या भाऊजींना मुद्दाम फोन करून सांगितलं.

एप्रिलच्या एका दुपारी साहेब आले. गोदामात निवेदिताने एक लांब गुळगुळीत पाइप तिरपा टांगला होता, दोन्ही टोकांना जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा. मी समोसे ठेवले होते. सिंधूकाकू लेकीची बाजू घ्यायला आली होती, पण वरवर समोसे वाढायला.

आधी नुसता वारा सोडला. पाइप ढिम्म. "देखा?" साहेब म्हणाले आणि समोसा उचलला.

मग निवेदिताने फवारा चालू केला, आणि सगळ्या गोदामात गुलाबाचा घमघमाट सुटला. अग्रवालांच्या लग्नातलं गुलाबपाणी टाकीतून काढायचं राहून गेलं होतं. साहेब चकित होऊन वर बघायला लागले, जणू आत्ता अक्षता पडणार. तोवर पाइपवर पाण्याची धार धरली होती. पाइप थरथरला. मग हलला. मग असा नाचायला लागला की वरातीतल्या बँडवाल्याने थांबून बघावं. साहेब नीट बघायला वाकले, पाइपने त्यांच्या हातातली बशी खालून उडवली, आणि चिंचेची चटणी सफारीच्या तिन्ही खिशांत सारखी वाटली गेली.

"आता हे बघा, सर," निवेदिता म्हणाली. "आई, सूत दे."

काकूने वटपौर्णिमेचं सुताचं गुंडं काढलं. निवेदिताने ते पाच-सात पदरी करून पाइपभोवती पिळून गुंडाळलं आणि पुन्हा सगळं चालू केलं. तोच वारा, तोच गुलाबाचा पाऊस. पाइप जागचा हलेना. मी स्पीड तीनवर नेला. शून्य. साहेबांच्या कपाळावरून गुलाबपाणी ओघळत होतं, पण पाइप शांत.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. माणसाला पटलं की त्याचा चेहरा उघडतो, त्यांचा मिटत गेला.

"धागा बांधून पूल वाचवायचा?" ते म्हणाले. "मॅडम, हे इंजिनियरिंग आहे की वटसावित्री?"

"दोन्हीत माणूसच वाचवायचा असतो," सिंधूकाकू म्हणाली. "समोसा घ्या अजून. चटणी आहेच तुमच्याकडे."

साहेब गेले. निवेदिताची मागणी 'ड्रॉइंगबाहेरचं काम' असा शेरा घेऊन परत आली. ती पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. मे महिन्यात मोठच्या बदलीचा हुकूम टाइप होऊन पडला, उद्घाटन झालं की हातात द्यायचा म्हणून.

आणि मग गंमत झाली. उद्घाटनाच्या सजावटीचा विषय निघाला. तारांवर पीळ घालायला जे खातं दोन महिने नाही म्हणत होतं, त्याने तारांवर रोषणाई करायला एका फोनमध्ये होकार दिला. काम मला मिळालं. साहेबांची अट एकच: दिव्यांची नळी तारेवर सरळ, सुतासारखी सरळ. "अनुशासन दिखना चाहिए." मी म्हटलं, "जी साहेब."

संध्याकाळी निवेदिता दुकानात आली. मी दाखवलेल्या दिव्यांच्या नळ्या तिने एकेक दाबून बघितल्या आणि सगळ्यात जाड उचलली.

"दादा, तुझी माणसं मांडवाच्या खांबाला कापड कसं लावतात?"

"पिळून. गोल-गोल."

"का?"

"का म्हणजे? खांब आहे. खांबाला पिळूनच लावतात. सरळ लावलं तर खांबाला लुंगी नेसवल्यासारखं दिसतं."

"मग?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी नळ्या गुंडाळून आत ठेवायला लागलो. "अगं, साहेब सरळ म्हणालेत."

"तुला त्यांनी सांगितलं. हरदयालला सांगितलंय का?"

हरदयाल माझा जुना कारागीर. तो बुंदेली माणूस, कुठलीही गोष्ट ऐकली की "हओ" म्हणतो आणि मग हाताला सवय असेल तसंच करतो. मी काही त्याला पिळून लाव असं सांगितलं नाही, देवाशपथ. मी फक्त सरळ लाव असंही सांगितलं नाही. दर दोन हातांवर एक वेढा, एवढं माप निवेदिताने त्याला दिलं. लिफ्टच्या पाळण्यात बसून तो वर गेला, आणि सगळ्या तारा टोकापासून बुंध्यापर्यंत नवरदेवाच्या मांडवासारख्या पिळून खाली उतरला.

"हे तात्पुरतं आहे हं," निवेदिता म्हणाली. "प्लास्टिक आहे. झाशीचे दोन उन्हाळे खाल्ले की तडकेल. पण आधी लोकांना फरक दिसू दे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांना फरक दिसला. फोनवर त्यांचा आवाज इतका चढला की माझ्या समोर बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

"हे काय केलंय?"

"साहेब, आमच्याकडे खांब दिसला की हात गोलच फिरतो."

"ती तार आहे!"

"जी साहेब."

"उद्या सकाळपर्यंत सगळं उतरव आणि सरळ लाव. नाहीतर या शहरात तुला सरकारी कामाची एक सतरंजी घालायला मिळणार नाही."

"जी साहेब," मी म्हटलं. आता तुम्ही म्हणाल, काय भित्रा माणूस. तर हो.

सकाळी हरदयाल पाळण्यात चढला. साहेब खाली स्वतः उभे. आधी ती तिसरी तार मोकळी करा, म्हणाले, तीच बदनाम आहे, तिला आधी सभ्य करा. हरदयालने तिचा पीळ उतरवला. खाली तिच्यावरच मोठा बॅनर ताणून बांधला: साहेब हात जोडून, शेजारी 'हार्दिक स्वागत'. निवेदिता लांब उभी राहून बघत होती. तिने माझ्याकडे पाठ फिरवली, आणि ते मला फार लागलं.

हरदयाल दुसऱ्या तारेकडे वळणार, तेवढ्यात पुलावर सिंधूकाकू आली. मागे गणेश मंदिरातल्या सगळ्या मराठी बायका. ठेवणीतली लुगडी, नथी, हातात पूजेची तबकं, आंबे, सुताची गुंडी. त्या दिवशी आमची वटपौर्णिमा होती. आमच्या हिंदी शेजारणींचं वटसावित्रीचं व्रत अमावास्येला असतं. त्यांचे नवरे आमच्याआधीच सुरक्षित होतात. आमचं पौर्णिमेला, आणि यंदा मध्ये अधिक महिना घुसल्याने आमचं थेट जूनच्या अखेरीला आलं होतं.

"माताजी, आज इथे कार्यक्रम आहे," साहेब म्हणाले.

"आमचाही आहे," काकू म्हणाली. "इथे वड होता. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्याला सूत गुंडाळलं. तो तुम्ही पुलासाठी तोडलात. आता वडाच्या जागी जे उभं आहे त्यालाच गुंडाळणार. आम्ही काय दुसऱ्या गावी जाऊन नवरा वाचवायचा?"

"पण तारेला..."

"वडालाही पारंब्या असतात. तिरप्याच असतात."

साहेब बायकांच्या मधे शिरायचं धाडस करेनात. बायकांनी पिळलेल्या एकेका तारेला बुंध्याशी हळद-कुंकू वाहिलं आणि दिव्यांच्या नळीवरूनच सूत गुंडाळलं, फिरत फिरत, एकमेकींना धक्के देत, कुणाची सून फेरे चुकवते त्यावर टोमणे मारत. मोकळी झालेली तिसरी तार काकूने मुद्दाम सोडली. तिच्यापाशी आली, बॅनरवरच्या साहेबांना बघितलं आणि म्हणाली, "इथे यांचीच कृपा आहे, सुताची गरज नाही."

बायका बाजूला झाल्यावर साहेब ओरडले, "चलो, उतारो!"

हरदयालने पाळण्यातून खाली उडी मारली. "सूत बंधो है, साब. सुहागिनन को सूत कौन तोरे? हमाई हिम्मत नइयां."

साहेबांनी दुसऱ्या माणसाकडे बघितलं. त्याने आपल्या बायकोचं नाव घेऊन कानाला हात लावला. तिसरा आधीच चहा प्यायला गेला होता. वडाला गुंडाळलेलं सूत तोडणारा माणूस झाशीत अजून जन्माला यायचाय. तेवढ्यात सायरन वाजला. पाहुणे आले.

मी लाल फीत बांधून, मखमली तबकात कात्री घेऊन उभा होतो. फीत माझी, तबक माझं, स्टेज माझं, माइकसुद्धा माझा. पाहुणे फितीपाशी आले, साहेबांनी भाषण सुरू केलं. "हा पूल नव्हे, हे स्थैर्याचं प्रतीक आहे," असं काहीतरी म्हणाले, आणि झिमझिम सुरू झाली.

यार्डाकडून वारा आला. मी तिसऱ्या तारेकडे बघितलं. सगळी झाशी तिसऱ्या तारेकडे बघत होती.

आधी आत्याबाई. मग मामा. तार खाली-वर जायला लागली, आणि तिच्याबरोबर बॅनरवरचे साहेब खाली-वर जायला लागले. हात जोडून, दात दाखवून, वाकताहेत, उठताहेत, वाकताहेत. एवढा नम्र अधिकारी जनतेने कधी पाहिला नव्हता. खालून कुणी तरी ओरडलं, "बस करो साहब, वोट दे देंगे!"

आणि बाकीच्या सगळ्या तारा, त्याच वाऱ्यात, त्याच पावसात, पीळ घालून, कुंकू लावून, काठीसारख्या उभ्या. एक नाचते, बाकीच्या तिला बघताहेत. समजावून सांगायला काही उरलंच नव्हतं. शेंगदाणेवालाही म्हणाला, "अच्छा! जिसको लपेटा, वो शरीफ़."

"हे काय चाललंय?" पाहुण्यांनी विचारलं.

साहेब एका क्षणात सावरले. या माणसाचं मला इथे कौतुक वाटतं. "सर, हे आम्ही मुद्दाम ठेवलेलं प्रात्यक्षिक आहे. एक तार जाणूनबुजून मोकळी सोडली. बाकीच्यांना आमच्या खात्याचं नवं तंत्र लावलंय."

"वा!" पाहुणे म्हणाले. "मग फीत कापू या."

तेव्हा निवेदिता पुढे आली आणि माइक हातात घेतला. कुणी तिला दिला नाही, तिने घेतला.

"सर, नवं तंत्र म्हणजे माझ्या भावाच्या टेंट हाउसचे दिवे आहेत. दोन उन्हाळ्यांत तडकतील. एक तार तुमच्यासमोर नाचते आहे आणि तिच्या खालून आत्ता गाडी जाणार आहे. तारांवर कायमचा पीळ आणि बुंध्याशी शॉकर बसत नाहीत तोवर हा पूल उघडायचा नाही. मला मोठला पाठवायचं ठरलंय, ते पाठवा. पण पूल आज उघडायचा नाही."

 वर बॅनर फडफडत वाकत होता. साहेबांनी माइकची वायर खेचली आणि माझ्याकडे हात पसरला. "कैंची!"

आयुष्यभर समोर हात पसरला की मी तबक पुढे केलं आहे. तसंच केलंही, अर्धं. मग निवेदिताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. मला त्याचाच राग आला.

मी कात्री उचलून कुर्त्याच्या खिशात घातली.

"साहेब, कात्री माझी आहे."

"तर?"

"तर आज ती भाड्याने नाही."

साहेबांनी पसरलेला हात मागे घेतला. "मधुसूदन जी, परिणाम समजतो?"

"जी साहेब," मी म्हटलं, आणि खिशावर हात ठेवला. 

मग जे झालं ते झाशी अजून सांगते. एवढ्या सरकारी ताफ्यात दुसरी कात्री नव्हती. हवालदाराकडे काठी होती. ड्रायव्हरने नेलकटर दिलं. पाहुण्यांनी आधी फीत हाताने तोडायचा प्रयत्न केला, पण ती माझ्या दुकानची साटिनची फीत, भिजली की जास्तच चिवट. मग ते नेलकटरने एका कडेने कुरतडायला लागले. कट. कट. कट. फोटोवाले पुढे सरसावले. पाहुण्यांनी मान वर केली, सगळे कॅमेरे बघितले, हातातलं नेलकटर बघितलं, आणि उद्याच्या पेपरातला आपला फोटो त्यांना तिथेच दिसला असावा.

"छाता लाओ," ते म्हणाले. "ही बाई सांगते ते आधी करा. मग मला बोलवा." आणि गेले.

ताफा वळला आणि पाऊस एकदम धो-धो कोसळला. वाऱ्याने स्टेजचा पडदा उडवला. तिसरी तार जागच्या जागी थांबली.

"थांबली! बघा, थांबली!" साहेब एकटेच ओरडत होते. तारेचं नाक उडून गेलं होतं, आणि बघायला पुलावर कुणी नव्हतं. फक्त सिंधूकाकू सुताचं उरलेलं गुंडं पदराखाली झाकत होती.

पावसाळाभर पूल बंद राहिला. 'ड्रॉइंगबाहेरचं काम' एकाएकी ड्रॉइंगमध्ये शिरलं. तारांवर कायमचा पीळ बसला, बुंध्याशी माझ्या दंडाएवढे शॉकर बसले, आणि त्या कामाबद्दल सुभाषचंद्र जींना शाल-श्रीफळ मिळालं. निवेदिताला मोठ मिळालं. ती गेली. थंडी पडल्यावर तिने साहेबांच्या घरी मटाराची गोणी पाठवली, वर चिठ्ठी: 'कहा था न, सर.'

मला कुणी सतरंजी घालू देणार नाही असं ठरलं होतं. पण पुन्हा महावटीचे ढग दिसायला लागले तेव्हा साहेबांचा फोन आला.

"मधुसूदन जी, उद्घाटन आहे. स्टेज, खुर्च्या, फीत. आणि..." त्यांनी आवाज खाली आणला. "कैंची आहे ना?"

"आहे की, साहेब."

"कुठे आहे?"

"मोठला," मी म्हटलं. "निवेदिता मॅडमच्या टेबलाच्या खणात. तिच्याशिवाय ती कुणाला चालत नाही. गाडी पाठवा."

साहेब फोन ठेवतील म्हणून मी घाईने पुढचंही सांगून टाकलं.

"आणि साहेब, झिमझिम असेल असाच दिवस ठरवा. लोकांना बघायचंय."